विसाव्याचा खर्च कोणाचा?

लोंढ्याला समुद्र नाही. आमच्याकडे आहे ते जंगल, लाल माती, जूनपासून कोसळणारा पाऊस आणि रेल्वे. तरीही समुद्राचे वर्ष कसे चालते हे आम्हां लोंढेकरांना बसल्या जागी कळते, कारण वास्कोकडून ब्रागांझा घाट चढून आलेली गाडी कॅसलरॉक मागे टाकून आमच्या स्टेशनात येते. मे महिना सरत आला की बाजारात ताजी मासळी महाग होते, मग दिसेनाशी होते, आणि घरोघरी सुकट व खारी मासळी निघते. त्याच दिवसांत ओडिशामार्गे बंगालकडे जाणाऱ्या गाडीत पिशव्या, वळकट्या घेतलेली तरुण माणसे दाटीवाटीने बसलेली दिसतात. ती गोव्याकडच्या मासेमारी बोटींवरची खलाशी मंडळी. जुलै संपताना तीच मंडळी उलट दिशेने परत जातात.

ह्या दोन महिन्यांत समुद्राला विसावा मिळतो, मासळीला अंडी घालायला सवड मिळते, बोटींची डागडुजी होते. ह्या सर्व गोष्टी चांगल्या आहेत. परंतु जी गोष्ट चांगली असते तिचाही खर्च असतो, आणि तो कोणीतरी भरत असतो. हा खर्च कोण भरतो, आणि कोणी भरावा? वाचकांनी माझ्याबरोबर ह्या प्रश्नाचा थोडा विचार करावा, अशी विनंती आहे. प्रश्न समुद्राकाठचा असला तरी तो आपल्या प्रत्येकाच्या घरापर्यंत येऊन पोहोचतो, हे पुढे दिसून येईल.

थांबणे हेही काम आहे

प्रथम बोट थांबवायची म्हणजे काय करावे लागते ते पाहू. आपल्याकडे मे महिन्यात कौले परततात, जळण आत भरतात, आणि मग पाऊस कितीही पडो, घर निर्धास्त असते. किनाऱ्यावर ह्याच कामाला बोट शाकारणे म्हणतात. उधाणाच्या भरतीला होडी काठाजवळ आणतात आणि ओंडक्यांवरून ओढत, लाटा पोहोचणार नाहीत अशा जागी वर चढवतात. पूर्वी ह्याला साऱ्या गावाचे खांदे लागत. आता पुष्कळ ठिकाणी क्रेन किंवा ट्रॅक्टर येतो. पाण्याखालच्या भागाला चिकटलेले शिंपले व शेवाळ खरवडून काढतात. लाकडी होडीच्या फळ्यांच्या सांध्यांत कापूस ठासतात, राळ भरतात, आणि लाकूड पोखरणाऱ्या किड्यापासून रक्षण व्हावे म्हणून माशाचे किंवा काजूच्या टरफलाचे तेल चोळतात. इंजिनाचे जुने तेल काढून नवे घालतात, बॅटरी घरी नेतात. जाळी वाळवून, फाटलेली विणून, उंदीर लागणार नाही अशी टांगतात. शेवटी वर बांबू बांधून नारळाच्या झावळ्यांचे झाप किंवा ताडपत्री घालतात.

ह्यातला प्रत्येक बारकावा अनुभवातून आलेला आहे. होडीचे एक टोक थोडे उंच ठेवायचे आणि तळाचे बूच काढून ठेवायचे, म्हणजे आत आलेले पावसाचे पाणी वाहून जाते. समुद्राचे खारे पाणी लाकूड पुष्कळ सोसते, पण साठून राहिलेले गोडे पाणी त्याला कुजवते. झाकण पक्के हवे, परंतु हवा खेळती हवी. गच्च झाकलेली होडी आतून बुरसते. आणि झाकणच नसेल तर उन्हाने फळ्या आकसून सांधे उघडतात.

मोठ्या बोटी वर ओढता येत नाहीत. त्या कारवारच्या बैतखोलला किंवा गोव्यात मांडवीकाठच्या मालीमला एकमेकींना लागून बांधून ठेवतात. येथे सारे कसब दोराचे. दोर फार ताणून बांधला तर पाण्याची पातळी बदलताना बोटीला हिसके बसतात. फार सैल सोडला तर ती शेजारच्या बोटीवर आदळते. म्हणून मध्ये जुने टायर बांधतात, दोर घासणार नाही अशी काळजी घेतात, आणि दोन महिने कोणीतरी जागता पहारा ठेवतो.

इंग्लंडमध्ये हेच काम हिवाळ्यापूर्वी करतात. अठराव्या शतकात तेथे कोळसा वाहून नेण्यासाठी कालवे खणले गेले; ब्रिजवॉटर कालवा १७६१ मध्ये सुरू झाला आणि पुढे देशभर त्यांचे जाळे पसरले. त्यांतल्या अरुंद कालव्यांवरच्या होड्या सुमारे ७ फूट रुंद आणि ७० फुटांपर्यंत लांब. पुष्कळ कुटुंबांचे घर म्हणजे अशी एक होडी असे, आणि आजही काही लोक तशा होडीत राहतात. थंडी येण्यापूर्वी होडीतल्या नळांतले सारे पाणी काढून टाकावे लागते, कारण पाणी गोठले की फुगते आणि नळ फुटतो. तळाला डांबर लावतात. हवेची भोके उघडी आहेत ना हे पाहतात. पाणी चढले उतरले तरी होडी अडकणार नाही इतपतच दोर सैल ठेवतात. कालव्याचे मोठे दरवाजे दुरुस्त करण्यासाठीही हाच काळ निवडतात, कारण रहदारी कमी असते.

लोंढ्याच्या रेल्वेवाल्याला हे समजावून सांगायला नको. रूळ बदलायचा तर ब्लॉक घ्यावा लागतो. धावत्या गाडीखाली स्लीपर बदलता येत नाही. जे थांबवल्याशिवाय सुधारत नाही ते वेळीच थांबवावे लागते, आणि ते नीट थांबवणे हे चालवण्याइतकेच जबाबदारीचे काम आहे. आळशी माणूसही थांबतो. परंतु तो काहीच झाकून ठेवत नाही, काहीच विणत नाही, आणि त्याची होडी विसाव्यातच कुजते.

हिवाळा ह्या शब्दाचा इतिहास

हा रिवाज आजच्या कायद्यापेक्षा फार जुना आहे. पोर्तुगीज गोव्यात आले तेव्हा त्यांनी आपल्या पावसाळ्याला हिवाळा असेच नाव दिले. त्यांच्या दृष्टीने हिवाळा म्हणजे जहाजे बंदरात अडकून पडण्याचा काळ. हॉलंडचा व्हान लिन्स्खोटेन १५८३ मध्ये गोव्यात आला आणि तेथील आर्चबिशपांच्या पदरी राहिला. त्याचे प्रवासवर्णन १५९६ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात त्याने हा गोव्याचा हिवाळा वर्णिला आहे: जहाजे नदीत आत आणतात, डोलकाठ्या आणि दोर उतरवतात, आणि पावसाने कुजू नयेत म्हणून वरून चटया घालतात. चारशेहून अधिक वर्षे झाली. चटईची ताडपत्री झाली, एवढाच काय तो फरक.

आपले कोळी बांधव नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण करून पुन्हा होड्या लोटत आले आहेत. पंचांगाने घातलेली ही मर्यादा पुढे यांत्रिक बोटी आल्यावर पुरेनाशी झाली. शिडाची होडी पावसाळ्यात जाऊच शकत नव्हती. इंजिनाची बोट जाऊ शकते, आणि जे करता येते ते करण्याचा मोह माणसाला होतोच. म्हणून कायदे करावे लागले. गोव्याचा सागरी मासेमारीचा कायदा १९८० चा, महाराष्ट्राचा १९८१ चा, कर्नाटकाचा १९८६ चा. २०१५ पासून पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक बोटींना बंदी असते. वल्ह्याशिडाच्या पारंपरिक होड्यांना त्यातून सूट आहे. बांगडा, तारली अशा माशांचा अंडी घालण्याचा हा हंगाम. जूनमध्ये पकडलेल्या एका मादीबरोबर पुढची असंख्य मासळी नाहीशी होते.

तेव्हा बंदी योग्य आहे, ह्याविषयी माझ्या मनात शंका नाही. शंका आहे ती पुढच्या गोष्टीविषयी.

पौलाचा सल्ला कोणी ऐकला नाही

प्रेषितांची कृत्ये ह्या पुस्तकाच्या सत्ताविसाव्या अध्यायात हाच विषय आला आहे. आपण तो अध्याय बहुधा वादळासाठी वाचतो. त्याची सुरुवात मात्र होडी कोठे बांधावी ह्या व्यवहारी प्रश्नाने होते. पौल कैदी म्हणून रोमला नेला जात होता. तारू आलेक्सांद्रियाचे, गव्हाने भरलेले, आणि त्यावर २७६ माणसे. क्रेत बेटाच्या सुंदर बंदर नावाच्या ठिकाणी ते पोहोचले तेव्हा प्रायश्चित्ताच्या दिवसाचा उपास होऊन गेला होता. म्हणजे सप्टेंबर संपला होता किंवा ऑक्टोबर लागला होता. त्या समुद्रात ११ नोव्हेंबर ते १० मार्च जलप्रवास बंद समजावा, असे व्हेजिशियस ह्या रोमी लेखकाने पुढे लिहून ठेवले आहे. आणि सप्टेंबरच्या मध्यापासूनच तो धोक्याचा असे. पौलाने सांगितले की, येथून निघाल्यास माल, तारू आणि जीव ह्या सर्वांची हानी होईल. शताधिपतीने तांडेलाचे आणि तारवाच्या धन्याचे ऐकले. बंदर हिवाळा काढण्यास सोयीचे नव्हते, आणि बहुतेकांचे मत पुढे जावे असे पडले. दक्षिणेचा मंद वारा सुटला, सगळ्यांना वाटले की साधले, आणि नांगर उचलला गेला. पुढचे आपणांस ठाऊक आहे.

आपण चटकन म्हणतो की तो धनी लोभी होता. लूक तसे म्हणत नाही. २७६ तोंडे चार महिने कशी पोसायची, खलाशांना काय द्यायचे, गहू ओला झाला तर काय, असे हिशेब त्याच्यापुढे असणार. आणि त्यापूर्वीच रोमच्या दरबाराने एक वळण घालून दिले होते. क्लौद्य कैसराने इ. स. ४१ ते ५४ राज्य केले. धान्याच्या टंचाईनंतर त्याने व्यापाऱ्यांना आश्वासन दिले की हिवाळ्यात धान्य आणताना वादळाने नुकसान झाल्यास ते सरकार सोसेल. स्वेटोनियसने हे नमूद केले आहे. पौलाचा प्रवास त्यानंतर काही वर्षांनी, इ. स. ६० च्या सुमारास झाला. त्या वेळी हे आश्वासन चालू होते की नाही, ह्यावर माझे म्हणणे अवलंबून नाही. मला दिसते ते एवढेच की, जहाज बुडाले तर भरपाई देण्याचा विचार कैसराला सुचला. जहाज शहाणपणाने बंदरात थांबले तर खलाशांना भाकरी देण्याचा विचार मात्र त्या योजनेत नव्हता. धोक्याला आधार होता, विसाव्याला नव्हता. मग माणसे धोका पत्करतील नाही तर काय करतील?

विसावा आणि कर्ज

आता आपल्या किनाऱ्याकडे येऊ. बोट शाकारली की धन्याचा खर्च वाढतो: दुरुस्ती, तेल, रंग, जाळी, आणि बँकेचा हप्ता तर थांबतच नाही. त्याचे दुःख खोटे नाही. परंतु त्याच्या हाती बोट तरी असते. खलाशाच्या हाती काही नसते. ज्याला माशाच्या विक्रीतून वाटा मिळतो त्याचा वाटा बंद होतो. ज्याला पगार असतो त्याचाही बहुधा बंद होतो. त्याला उचल घ्यावी लागते. निपाणीकडच्या वाचकांना हा शब्द ऊसतोडीमुळे चांगला परिचयाचा आहे. जूनमध्ये घेतलेली उचल तो ऑगस्टपासून फेडू लागतो, आणि फेडून होते न होते तोच पुढचा जून येतो.

सरकारने काही केले नाही असे नाही. बंदीच्या काळासाठी बचत व साहाय्याची योजना पूर्वीपासून आहे. २०२० मध्ये सुरू झालेल्या मत्स्यसंपदा योजनेत तिचे स्वरूप असे होते: मच्छीमाराने १,५०० रुपये भरायचे, सरकारने ३,००० घालायचे, आणि हे ४,५०० रुपये तीन महिन्यांत त्याला द्यायचे. महिन्याला १,५००, म्हणजे दिवसाला ५० रुपये, आणि त्यांतला तिसरा हिस्सा त्याचा स्वतःचाच. नसण्यापेक्षा हे बरे, ह्यात संशय नाही. पण ५० रुपयांत एक घर चालत नाही. आणि आपल्या गावापासून हजार किलोमीटरांवर दुसऱ्याच्या बोटीवर राबणाऱ्याने आपले नाव कोणत्या गावच्या यादीत घालावे?

इंग्लंडच्या कालव्यांवरही असेच घडले होते. होडीवाल्याला मजुरी खेपेवर मिळे. कालवा गोठला की खेप नाही, आणि खेप नाही तर मजुरी नाही. १९६२–६३ चा हिवाळा इतका कडक पडला की होड्या कित्येक आठवडे बर्फात अडकून राहिल्या. माल लॉरीने आणि रेल्वेने जाऊ लागला. धंदा आधीच खालावला होता. १९६३ मध्ये सरकारी कालवा मंडळाने अरुंद होड्यांवरची आपली बहुतेक वाहतूक बंदच करून टाकली. होड्या उत्तम शाकारलेल्या असतील; त्या चालवणारी माणसे मात्र उघड्यावर पडली.

ह्या ठिकाणी मोशेच्या नियमशास्त्राकडे वळल्यावाचून राहवत नाही, कारण ते विसाव्याचे शास्त्र आहे. सातव्या दिवशी विसावा हे आपण बालपणापासून पाठ केले आहे. पण कोणासाठी, हे निर्गमच्या तेविसाव्या अध्यायात वाचावे: बैलासाठी, गाढवासाठी, दासीच्या मुलासाठी आणि परदेशीयासाठी. ज्यांना स्वतःहून थांबण्याची मुभा नव्हती, त्यांची नावे तेथे मुद्दाम घेतली आहेत. त्याच अध्यायात सातव्या वर्षी जमीन पडीत ठेवावी असे सांगितले आहे, आणि त्या वर्षी जे आपोआप उगवेल ते गरिबांनी खावे असेही सांगितले आहे. जमिनीचा विसावा आणि गरिबाची भाकरी ह्या दोन गोष्टी तेथे एकाच ठिकाणी येतात.

अनुवादाच्या पंधराव्या अध्यायात आणखी एक गोष्ट आहे. त्याच सातव्या वर्षी कर्जेही सोडून द्यायची. हे एकत्र का आले? मला वाटते, नियम देणाऱ्याला माणसाचा स्वभाव ठाऊक होता. जमीन थांबली की गरीब उसने घेणार, आणि उसने घेतले की पुढची सहा वर्षे तो फेडत बसणार. मग जमिनीचा विसावा म्हणजे त्याच्या गळ्यातला फास होणार. म्हणून विसाव्याची आज्ञा आणि कर्जमुक्तीची आज्ञा ह्यांची गाठ मारलेली आहे. त्याच अध्यायात असाही इशारा आहे की, सातवे वर्ष जवळ आले म्हणून गरीब भावाला देताना हात आखडू नका. ज्याला देण्याची ऐपत आहे तो अशा वेळी काय हिशेब करतो, हे शास्त्राने आधीच ओळखले आहे.

ह्यावरून मी एक निष्कर्ष काढतो. सर्वांच्या हितासाठी जो विसावा घेतला जातो, त्याचा खर्च सर्वांनी उचलला पाहिजे. जो त्यात सर्वांत दुबळा आहे त्याच्यावर तो पडत असेल, तर तो विसावा नव्हे. ती दुबळ्याकडून घेतलेली खंडणी आहे.

काही आक्षेप

कोणी म्हणेल, “हा व्यवहार आहे. काम नाही तर दाम नाही. त्यात अन्याय कसला?” ह्याला उत्तर आमच्या लोंढ्यातच आहे. रेल्वे ब्लॉक घेते त्या दिवशी गाडी धावत नाही, पण गँगमनला, स्टेशनमास्तरला, ड्रायव्हरला पगार मिळतो. तो फुकट खातो असे कोणी म्हणत नाही. थांबणे हा चालण्याचाच भाग आहे, हे रेल्वेने मान्य केले आहे म्हणून. बोट शाकारणे हा मासेमारीचाच भाग असेल, तर ते दोन महिने मासेमारीच्या हिशेबाबाहेर कसे राहतात?

दुसरा म्हणेल, “खलाशाने हंगामात जपून खर्च करावा, दारू सोडावी, शिल्लक टाकावी.” हा उपदेश चांगला आहे आणि ज्याला लागू पडतो त्याने तो घ्यावा. योसेफाने सात सुकाळांत धान्य साठवले ते योग्यच होते. परंतु योसेफाच्या हाती कोठारे होती. ज्याची अर्धी कमाई मागची उचल फेडण्यात जाते त्याने कशातून साठवायचे? शिवाय एकट्याच्या काटकसरीवर सर्वांचा विसावा उभा करणे हेच मुळात चुकीचे आहे.

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. “खर्च सर्वांनी उचलायचा म्हणता, तर मासळी महाग होईल, आणि गरीब गिऱ्हाईकालाच ती परवडणार नाही.” होय, काही प्रमाणात तसे होईल. ह्याचे सोपे उत्तर माझ्यापाशी नाही, आणि एखाद्या लेखाने ते सुटावे असेही नाही. तरी इतके म्हणता येईल की आजही किंमत दिली जातच आहे. फक्त ती बाजारातल्या तराजूवर दिसत नाही, दूरच्या एखाद्या खेड्यात उधारीच्या वहीत दिसते. दिसणारी किंमत कमीजास्त करता येते, वाटून घेता येते. न दिसणारी किंमत एकाच घरात साचत जाते.

आपल्या उंबऱ्यावर

वाचक म्हणतील, “आम्ही ना बोटीचे धनी ना सरकार. आम्हांला हे कशाला?” म्हणून आता आपल्या घराकडे पाहू.

आपल्या घरी धुणीभांडी करणारी बाई आजारी पडते, बाळंत होते, गावच्या जत्रेला जाते. तिचे खाडे आपण कापतो की नाही? आपण महिनाभर मुंबईला मुलाकडे गेलो, घर बंद राहिले, म्हणून तिचे काम बंद राहिले. थांबण्याचे कारण आपले. मग त्या महिन्याचा पगार कोणाचा बुडावा? मंडळीच्या मालकीच्या शेतावर, शाळेत, वसतिगृहात रोजावर माणसे असतात. सुट्टी लागली की आपण “देवाने विसावा दिला” म्हणून उपकार मानतो. त्या माणसाने त्या दिवसांत काय म्हणावे? रविवारी आपण उपासनेला बसतो तेव्हा आपल्या दुकानातला पोऱ्या कोठे असतो, आणि तो विसावत असेल तर त्याचा रोज चालू असतो की कापलेला?

हे प्रश्न मी कोणाला टोचावे म्हणून लिहीत नाही. विसाव्याचा दिवस पाळणे आपल्याला सोपे वाटते, कारण आपण तो स्वतःपुरता पाळतो. शास्त्रात तो बैलापासून परदेशीयापर्यंत सर्वांचा मिळून एक दिवस आहे. तो तसा पाळायचा तर त्याची तयारी आधीपासून करावी लागते, ज्याप्रमाणे मे महिन्यात होडीची करतात. दर महिन्याला थोडी रक्कम बाजूला ठेवून कामवालीचा सुट्टीचा पगार भागवता येतो. रोजंदारीवरच्या माणसाला काम बंद पडणार हे आधी सांगता येते, म्हणजे त्याला दुसरीकडे हातपाय हलवता येतात. पावसाळ्यात काम नसलेल्या कुटुंबांसाठी मंडळीला बिनव्याजी उसनवारीची पेटी ठेवता येते; सावकाराच्या उचलीपेक्षा ती केव्हाही बरी. ह्यांतली एकही गोष्ट फार मोठी नाही. होडीच्या सांध्यात ठासलेला कापूसही मोठा नसतो, परंतु पाणी तोच अडवतो.

माल्टाचे तीन महिने

त्या अध्यायाच्या पुढचा भाग आपण पुष्कळदा घाईने वाचून टाकतो. हिवाळा काढण्यास अधिक सोयीचे बंदर गाठावे म्हणून निघालेले तारू माल्टा बेटापाशी फुटले. सामान गेले, गहू समुद्रात टाकावा लागला, तारू गेले. देवकृपेने जीव मात्र वाचले. पाऊस होता, थंडी होती. मग त्या बेटावरच्या लोकांनी, ज्यांची ह्या २७६ जणांशी भाषेचीही ओळख नव्हती, शेकोटी पेटवली. बेटाच्या मुख्याने पौलाला आणि त्याच्या सोबत्यांना तीन दिवस आपल्या घरी ठेवून घेतले. सर्व मंडळी तेथे तीन महिने राहिली, आणि निघताना बेटवाल्यांनी पौल व त्याच्या सोबत्यांसाठी लागेल ते सामान तारवावर घातले. श्रीमंत धन्याला जो हिवाळा झेपला नाही, तो एका लहान बेटाने आपल्या खर्चाने पार पाडला.

आणि ते पुढे गेले कशातून? लूक आठवणीने सांगतो की ते दुसरे एक आलेक्सांद्रियाचे तारू होते, ज्याने हिवाळा त्या बेटावरच काढला होता. तेही त्याच नगराचे होते आणि त्याच ऋतूत त्याच समुद्रावर निघाले होते. त्याच्या धन्याचे नाव लूकने दिलेले नाही. त्याने थांबण्याचा खर्च सोसला, दोर सांभाळले, आपल्या माणसांना तीन महिने पोसले असले पाहिजे. वसंत आला तेव्हा त्याचे तारू उभे होते, आणि पौल रोमकडे पुढे गेला तो त्या तारवातून.

आपापल्या घरी, दुकानी आणि मंडळीत ज्यांच्या श्रमांवर आपण पुढे जातो, त्यांचा पावसाळा कसा पार पडतो हे पाहण्याची बुद्धी प्रभू आपणां सर्वांस देवो.